गोचीड काढायचे हुक, चिमटे आणि एक कार्ड : घड्याळजीने केलेली पारख

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. कुत्र्याच्या अंगावर रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड काढायला दोन हुकांचा प्लास्टिकचा सेट घ्या. शे-दीडशे रुपयांत मिळतो, पैसे वसूल होतात. माणसाच्या अंगावरच्या बारीक गोचिडीसाठी टोकदार स्टीलचा चिमटा घ्या. पाकिटात मावणारं ते भिंगवालं कार्ड घेऊ नका. आणि काडेपेटी, रॉकेल, नेलपॉलिश, व्हॅसलीन ही मंडळी घरात जिथे आहेत तिथेच राहू द्या.

आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा.

मी ठाण्याचा, धंद्याने घड्याळजी. स्टेशनच्या बाजूला आमचं छोटं दुकान आहे. आता गल्ल्यावर मुलगा बसतो, मी दुपारी जाऊन त्याच्या कामात खोड्या काढतो. उभा जन्म डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा, त्यामुळे पकडायचं कुठलंही औजार समोर आलं की माझं पहिलं लक्ष टोकाकडे जातं. ऑनलाइन ह्या हुकांना लोकांनी पाच-पाच स्टार दिलेले आहेत आणि खाली लिहिलंय काय, तर ‘नाइस प्रॉडक्ट’, ‘फास्ट डिलिव्हरी’. डिलिव्हरी फास्ट होती, नाही म्हणत नाही. पण फट केवढी, कड कशी, बारीक गोचीड त्यात बसते की निसटते, हे एकाने सांगितलं असेल तर शपथ. म्हणून हा खटाटोप.

राहायला वर्तकनगरात. घरात बंडू, आमचा गावठी कुत्रा, अंगाने आखूड केसांचा, कान मात्र मोठे आणि मऊ. सकाळी त्याला घेऊन उपवन तलावापर्यंत जातो, कधी येऊरच्या चढावर. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची कड. गुरं, रानडुकरं, माकडं, भटकी कुत्री, सगळ्यांची ये-जा त्याच पायवाटांवरून. गोचिडीला आणखी काय हवं? ती उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून डोक्यावर टपकत नाही. गवताच्या पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते आणि कुणी घासून गेलं की त्याला धरते.

पण खरं सांगू का, बंडूच्या अंगावर सापडणाऱ्या बहुतेक गोचिडी येऊरच्या नव्हेतच. त्या आमच्या सोसायटीच्या. कुत्र्यांवर असते ती तपकिरी जात माणसाच्या वस्तीतच सुखाने नांदते. कुत्रा झोपतो तिथली भिंत, फरशीची भेग, जिन्याखालची अडगळ हे तिचं माहेर. अंड्यातून बाहेर आलेलं सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांची मधली अवस्था, मग मोठी गोचीड. प्रत्येक टप्प्यावर ती एकदा कुत्र्यावर चढते, पोट भरते आणि खाली उतरून भिंतीत शिरते. आमच्या वॉचमनमामांच्या केबिनमागे रात्री भटकी कुत्री झोपतात. तिथल्या भिंतीवर टॉर्च मारला की सरसर वर चढणारे ठिपके दिसतात. मामा म्हणतात, ‘‘काका, हे तर नेहमीचंच.’’ नेहमीचं आहे म्हणूनच औजार लागतं.

आधी हुकांबद्दल.

पाकिटावर कंपनीचं नाव नाही, नुसतं ‘टिक रिमूव्हर’. आत दोन हिरवे हुक, एक मोठा, एक छोटा. आकार खिळे उपटायच्या पहारीसारखा : लांब दांडी, पुढे वाकवलेलं टोक, टोकाला मधोमध फट. मूळ कल्पना फ्रान्समधली, आपल्याकडे मिळतात त्या बहुतेक नकला. नक्कल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, कारण ह्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. फक्त फट बघायची. फट पुढे रुंद आणि मागे निमुळती होत अगदी मिटली पाहिजे. माझ्याकडच्या मोठ्या हुकात ती नीट मिटते. छोट्या हुकात साच्यातून निघालेल्या प्लास्टिकचा बारीक कंगोरा फटीच्या तळाशी राहिला होता. भिंगाखाली स्पष्ट दिसला. मी पॉलिशच्या बारीक कागदाची घडी करून तो घासून काढला. तुमच्याकडे भिंग नसेल तर साधा जाड कागद फटीत घालून बघा. तो तळापर्यंत विनाअडथळा गेला पाहिजे. अडकला तर पाकीट परत करा किंवा नेलफायलीने दोन हात मारा.

वापरायची रीत अशी. कुत्र्याचे केस बोटांनी दोन्ही बाजूंना सारायचे. हुक कातडीवर आडवा टेकवायचा आणि बाजूने सरकवत गोचीड फटीत येऊ द्यायची, पार तळाशी. मग हलकेच वर उचलल्यासारखं करत दांडी दोन बोटांत धरून फिरवायची. दोन-तीन वेढ्यांत गोचीड सुटून फटीतच राहते. ओढाताण नाही, पोट दाबलं जात नाही.

‘‘काका, डावीकडे फिरवायचं की उजवीकडे?’’ हे मला प्रत्येकाने विचारलं. कुठेही फिरवा. गोचिडीच्या तोंडाला आटे नसतात. तिच्या सोंडेला मागे वळलेले बारीक काटे असतात आणि बऱ्याच जाती वरून स्वतःची लाळ घट्ट करून सिमेंटसारखं जमवतात. फिरवल्याने ती पकड सैल होते, बस. आट्यांचा स्क्रू मी आयुष्यभर फिरवलाय, तेव्हा एवढ्यावर माझा शब्द माना.

मात्र फिरवायची ही रीत हुकाची. चिमट्याने फिरवायचं नाही. चिमट्याने सरळ वर ओढायचं. पाकिटावरच्या चित्रात चिमटा आणि हुक ह्या दोघांनाही गोल बाण दाखवलेत, तिकडे दुर्लक्ष करा.

बंडूवर मोठा हुक झकास चालला. कानाच्या आतली घडी, पुढच्या पायाची काख, बोटांच्या मधली कातडी, शेपटीचं मूळ, पट्ट्याखालचा गळा, ह्या तिच्या आवडत्या जागा. एरंडाच्या बीएवढी फुगलेली राखाडी गोचीड मोठ्या हुकात अशी बसते की बंडू झोपेतून डोळासुद्धा उघडत नाही. बोटांमधल्या जागेला मात्र दुसरा माणूस लागतो, एकाने पंजा फाकवून धरायचा. आमच्याकडे ते काम हिच्याकडे, कारण बंडू मला जुमानत नाही.

लांब केसांच्या कुत्र्यांवर ह्याच हुकाने घोटाळा होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या शिह त्झू जातीच्या कुत्र्यावर करून बघितलं. फिरवताना गोचिडीबरोबर केसांचा गुंता हुकाला वेटोळे घालतो आणि कुत्रं किंचाळतं. अशा केसांत आधी बारीक दातांच्या कंगव्याने जागा मोकळी करा, केस क्लिपने बाजूला धरा, नाहीतर सरळ चिमटा घ्या.

आणि मधल्या अवस्थेतल्या पिल्लांना छोटा हुकसुद्धा मोठाच पडतो. खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी ती पिल्लं. फटीतून आरपार निसटतात. जाहिरातीत ‘ऑल साइझेस’ लिहिलंय, ते खोटं आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण हे औजार नवीन हातात आलं की माणूस कुत्र्याच्या अंगावर शिकारीला निघतो. औजार लावण्याआधी ते काय आहे हे बघा. नर कुत्र्यालाही पोटाखाली स्तनाग्रं असतात. म्हाताऱ्या कुत्र्यांना चामखीळ असते. शेजारच्या विंगमधला एक तरुण बंडूच्या पोटावरच्या ‘गोचिडीला’ हुक लावायला निघाला होता, मी हात धरला. स्तनाग्रं दोन्ही बाजूंना जवळपास समोरासमोर ओळीत असतात. शंका आली तर भिंगातून कातडीशी पाय दिसतात का ते बघा. पाय असले तर गोचीड, नसले तर कुत्र्याला त्याच्या मालकीची वस्तू राहू द्या.

आता चिमटे. हा माझा प्रांत, जरा रेंगाळतो.

लोकांच्या घरी असतो तो भुवयांचा चिमटा, पुढून रुंद आणि तिरका. त्याने गोचीड धरली की पोट धरलं जातं. पोट दाबलं की आतला माल, म्हणजे लाळ आणि त्यातले जंतू, तोंडावाटे जखमेत जाण्याचा धोका. शिवाय पोट फुटलं तर सगळं बोटांवर. तोंड कातडीत राहतं ते वेगळंच. अगदी दुसरं काही हाताशी नसेल तर टोकाचा कोपरा कातडीला लावून त्याने धरा. गोचीड लावून ठेवण्यापेक्षा ती लवकर निघालेली बरी.

दुसरा, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो तो दाबल्यावर उघडणारा प्लास्टिकचा चिमटा. कल्पना चांगली : सोडला की आपोआप धरून राहतो, हाताचा दाब चुकत नाही. पण त्याची तोंडं इतकी जाड की कातडी आणि गोचीड ह्यांच्यामध्ये शिरतच नाहीत. कुणाचा हात थरथरत असेल तर त्याला मोठ्या गोचिडीसाठी चालेल. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

तिसरा, टोकदार स्टीलचा. घड्याळाच्या कामात चिमट्यांना नंबर असतात. हेअरस्प्रिंगला लागतो तो पाच नंबर, सुईसारखा. मला वाटलं होतं की हाच उत्तम ठरेल, पण भिंगाखाली नीट बघितल्यावर मत बदललं. पाच नंबरची टोकं इतकी धारदार की गोचिडीची सोंड पकडण्याऐवजी कापू शकतात, आणि चुळबुळ करणाऱ्या कुत्र्याच्या किंवा पोराच्या अंगाजवळ ती न्यावीशी वाटत नाहीत. तीन नंबरचा थोडा बोथट आणि मजबूत, तो बरा. पण माझ्या मते सगळ्यात सोयीचा तो मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो वाकड्या चोचीचा, ईएसडी-१५ म्हणतात त्याला. चोच वाकडी असल्याने हात आडवा राहतो आणि टोक दिसत राहतं. स्टेशनजवळ मोबाइल स्पेअरच्या कुठल्याही दुकानात शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. हाच चिमटा ‘प्रोफेशनल टिक ट्वीझर’ म्हणून डबीत घालून ऑनलाइन चारपट भावाने विकतात. डबी छान आहे.

विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी तपासा. चिमटा हलके मिटून उजेडाकडे धरा, सगळ्यात आधी टोकं टेकली पाहिजेत, मधला भाग नव्हे. मग जोरात दाबा. स्वस्त चिमट्यांची टोकं जोर दिल्यावर उलटी फाकतात, म्हणजे जेव्हा पकड लागेल तेव्हाच सुटणार. मग आपल्या मनगटावरचा एक केस धरून बघा. धरला गेला तर गोचिडीची सोंडही धरली जाईल. आतून दाते असलेला घेऊ नका, गुळगुळीत घ्या. दाते सोंड चिरडतात.

वापरताना टोक शक्य तितकं कातडीला टेकवून गोचिडीचं तोंड धरायचं, पोट नाही, आणि सरळ वर, एका दमाने, हळू ओढायचं. हिसका नाही, पीळ नाही. कातडी तंबूसारखी थोडी वर येते. तिथे थांबायचं, ओढ तशीच ठेवायची. थोड्या वेळात ती सोडते. नवशिका इथेच घाई करतो.

तोंडाचा काळा ठिपका आत राहिलाच, तर टोकाने सहज धरता आला तर काढा. नाही आला तर सुईने उकरायला जाऊ नका. कातडी भरून येताना ते आपोआप बाहेर टाकते. घड्याळजीला असा ठिपका दिसला की हात शिवशिवतात, पण उकरून जखम वाढते, फायदा काही नाही.

राहिलं ते कार्ड. एका कोपऱ्यात मोठी खाच, दुसऱ्यात छोटी, मधे भिंग. भिंग चष्म्याच्या काचेइतकंही मोठं करत नाही. खाचेची कड जाड, त्यामुळे सपाट पोटरीवर कसंबसं चालतं, कानामागे किंवा बोटांमध्ये जातच नाही. ट्रेकला जाणारे ‘पाकिटात राहतं’ म्हणून कौतुक करतात. चिमटाही सॅकच्या कप्प्यात राहतो, टोकाला पेनाचं टोपण घाला.

माणसावरची परीक्षा आमच्या नातीवर झाली, ओवीवर. शाळेच्या मैत्रिणींबरोबर येऊरला गेली होती. संध्याकाळी वेणी घालताना तिच्या आईला कानामागे, केसांच्या रेषेला तपकिरी दाणा लागला. बातमी मजल्यावर पसरायला वेळ लागत नाही. समोरच्या सुलभाताई नेलपॉलिशची बाटली घेऊनच आल्या. ‘‘वरून थेंब सोडा, श्वास कोंडला की स्वतःच सोडते.’’ हिचं मत खोबरेल तेलाला. खालून कुणीतरी अगरबत्तीचा चटका सुचवला, तेही पोरीच्या केसांजवळ!

गोचिडीला श्वास फार कमी लागतो. ती कोंडून मरेपर्यंत तासन्‌तास जातील, आणि ती तेवढा वेळ चिकटलेलीच राहणार. चटका दिला किंवा रसायन लावलं तर बिथरून ती लाळ, पोटातलं पाणी जखमेत उलटं सोडण्याची शक्यता. काही रोगांचे जंतू काही तासांतच अंगात उतरू शकतात, म्हणून ‘स्वतःहून सोडेल’ ह्याची वाट बघायची नाही, हाताने काढायची.

ओवीला खिडकीपाशी बसवलं, केस दोन क्लिपांनी वर केले, सुनेने मोबाइलचा टॉर्च धरला. छोटा हुक लावून बघितला, अपेक्षेप्रमाणे फटीतून निसटली. मग वाकडा चिमटा.

‘‘आबा, ते जिवंत आहे का?’’

‘‘आहे. म्हणून तू हलू नकोस.’’

‘‘मी नाही हलत, तुम्ही बोलू नका.’’

निघाली, सोंडेसकट. भिंगाखाली बघितली तर पाय वळवळत होते. जागा साबण-पाण्याने धुतली, वरून स्पिरिट लावलं, मी हात धुतले. गोचीड पारदर्शक चिकटपट्टीत दाबून कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनावर चिकटवली. हे दिसायला विचित्र वाटलं तरी उपयोगाचं आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तारीख आणि पुरावा दोन्ही दाखवता येतात.

नखांत धरून चिरडायची मात्र नाही. ही आपल्याकडची जुनी सवय, गुरांच्या गोठ्यात तर सर्रास. चिरडलेल्या गोचिडीतलं रक्त बोटाच्या चिरेत किंवा डोळ्यात गेलं तर चावा नसतानाही रोग शिरू शकतो. काँगो ताप तसाही पसरतो, आणि त्याचे रुग्ण २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत सापडलेले आहेत. बाटलीत स्पिरिट घ्या, त्यात टाका. मी घड्याळाचे सुटे भाग धुवायची छोटी काचेची बाटली ठेवली आहे, झाकण घट्ट बसतं.

ओवीच्या निमित्ताने घरातल्या सगळ्यांनी मोबाइलवर शोधाशोध केली आणि सगळ्यांना एकच भीती बसली, गोचिडीतून होणाऱ्या लाइम नावाच्या आजाराची. चकतीसारखं लाल वर्तुळ उठतं का ते तिचा बाप रोज बघायचा. तो आजार मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडींचा. आपल्याकडच्या डॉक्टरला सांगायचं ते वेगळं : अचानक ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, मग पुरळ, आणि ते पुरळ तळहात-तळपायांवरही येतं का, चावल्या जागी काळी खपली धरली आहे का. गोचिडीमुळे होणारा हा टायफस ताप महाराष्ट्रात आढळतो आणि तो पसरवण्यात कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीचाच हात असतो. औषध आहे, महागडंही नाही, पण ते वेळेवर सुरू व्हायला हवं. ठाण्यात पावसाळ्यानंतर ताप आला की डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या होतात, त्या व्हाव्यातच. पण ‘डॉक्टर, अमुक तारखेला गोचीड काढली होती’ हे वाक्य आपणहून बोलल्याशिवाय त्यांना ते कळणार कसं?

ओवीला काही झालं नाही. ती गोचीड शाळेत नेऊन दाखवते म्हणाली, तिच्या आईने नेऊ दिली नाही.

आमचे व्याही सिंधुदुर्गातले. त्यांच्याकडे हा विषय काढला की सगळे गंभीर होतात, कारण दोडामार्गकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून इंग्रजीत त्याला त्या जंगलाचं नाव. रानातल्या वेगळ्याच गोचिडीतून तो येतो, आणि जंगलात माकडं मरून पडलेली दिसणं ही त्याची खूण. ते लोक काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट आणि अंगाला गोचीड दूर ठेवणारं डीईपीए तेल अशा तयारीने जातात. येऊरला एवढ्या बंदोबस्ताची गरज नाही, पण पँट मोज्यात खोचायला काय जातं? परत आल्यावर अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली, काखेत, केसांत हात फिरवून बघायचं, एवढं आम्ही आता घरात लावून धरलं आहे.

कुत्र्याच्या बाबतीत हुक आणि चिमटा ही अर्धीच गोष्ट आहे, हे औजाराचं कौतुक करताना सांगितलं नाही तर लबाडी होईल. एखाद-दुसरी गोचीड असेल तर काढा. कानांत गुच्छ लटकलेले असतील तर हुक खाली ठेवा आणि पशुवैद्य गाठा. पोखरण रोडवरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला हे शांतपणे समजावलं. आता चघळायच्या किंवा गिळायच्या गोळ्या मिळतात, वजनाप्रमाणे. काही महिनाभर चालतात, ब्राव्हेक्टोसारखी सुमारे तीन महिने. गोचीड चावते आणि मरते. कुत्र्याला फिट येत असतील तर ह्या जातीच्या गोळ्या देण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. बंडूला गोळी सुरू झाल्यापासून हुकांना काम कमी झालं आहे. परीक्षण लिहिणाऱ्याची पंचाईत, पण बंडूचं भलं.

ज्या कुत्र्याने जेवण सोडलं, ज्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, त्याच्या अंगावर गोचीड दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. एर्लिकिया, बॅबेसिया ही ह्यामागच्या, गोचिडीतून येणाऱ्या जंतूंची नावं. लोक सरसकट ‘टिक फीवर’ म्हणतात. रक्त तपासल्याशिवाय कुठला ते कळत नाही आणि दोघांची औषधं वेगवेगळी.

मांजर घरात असेल तर आणखी सावध. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर उठतं, अमिट्राझही मांजराला चालत नाही. गुरांच्या गोचिडीचं औषध बादलीत अंदाजाने ओतून कुत्र्याला अंघोळ घालणारे आमच्या सोसायटीतही आहेत. ते औषध गुरांसाठी ठरलेल्या मापाचं असतं आणि कुत्रा अंग चाटतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका पेट पार्लरमध्ये ‘टिक बाथ’ही करून बघितली. नाव सांगत नाही. मुलगा प्रेमळ, शॅम्पूचा वास सुरेख, पण गोचिडी तो उघड्या बोटांनी उपटून नाल्याच्या जाळीवर टाकत होता. फुगलेली मादी जमिनीवर सुटली की एखाद्या भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. मी खिशातला चिमटा काढून त्याला दिला. त्याने तो ठेवूनच घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. बिल मात्र चिमट्याच्या किमतीच्या दहापट झालं.

मोठ्या हुकाला चार स्टार. छोट्याला अडीच, कंगोरा घासून काढलात तर तीन. वाकड्या चिमट्याला पाच, कारण गोचीड नसेल तेव्हा काटा काढायला, मोत्याच्या माळेची गाठ सोडवायला आणि सुनेच्या मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकातला कचरा काढायलाही तोच लागतो. फक्त गोचिडीचा चिमटा वेगळा ठेवा, वापरल्यावर स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. दाबल्यावर उघडणाऱ्याला दोन.

कार्ड वॉचमनमामांना दिलं. ते त्याने केबिनच्या दाराची कडी उघडतात.